मंडळी गाते तेव्हा : आद्य ख्रिस्ती कथांवरील संगीतिकांविषयी एक संवाद

शंकाकार : येशूच्या पुनरुत्थानानंतर यरुशलेमेत जमलेल्या मूठभर अनुयायांपासून चौथ्या शतकाच्या आरंभी रोमन साम्राज्याने ख्रिस्ती उपासनेला मोकळीक देईपर्यंत जो समाज घडत गेला त्याला आद्य मंडळी म्हणतात, आणि या मंडळीच्या कथा गाणी, संवाद व वृंदगान यांतून सादर करणाऱ्या संगीतिका गेल्या पन्नासएक वर्षांत इंग्लंड-अमेरिकेतील चर्चच्या सभागृहांत चांगल्याच रुजल्या आहेत. त्यांची लोकप्रियता मान्य करूनही एक मूलभूत अडचण उरते, ती अशी की, ज्यांची कथा सांगायची त्यांनीच हे माध्यम त्याज्य मानले होते. कार्थेजचा लॅटिन ग्रंथकार टर्टुलियन याने इ. स. 200 च्या आसपास खेळतमाशांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि ख्रिस्ती माणसाने नाट्यगृह, रथशर्यती व आखाडा यांपैकी कशाच्याही वाटेला जाऊ नये, असे त्यात बजावले. नटाने दुसऱ्याचा आवाज, दुसऱ्याचे वय, दुसऱ्याचे प्रेम आणि दुसऱ्याचे अश्रू उसने घेणे हे असत्य आहे व सत्यस्वरूप ईश्वराला ते रुचणारे नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. चौथ्या शतकाच्या अखेरीस जॉन क्रिसोस्टम यानेही आपल्या प्रवचनांतून नाटकांवर असेच कोरडे ओढले. अशा समाजाचे चरित्र नटांच्या तोंडी घालणे म्हणजे ज्या गोष्टीला त्याने पिढ्यान्पिढ्या विरोध केला तिच्याच हवाली त्याला करणे नव्हे काय, हा प्रश्न केवळ पंडिती नाही. ज्यांच्या निष्ठेचा गौरव करायचा त्या निष्ठेचाच तो प्रश्न आहे.

पुरस्कर्ता : टर्टुलियनच्या निषेधाची धार समजण्यासाठी त्याच्या डोळ्यांसमोर काय होते ते आधी पाहिले पाहिजे. रोमन नाट्यगृह देवतांच्या उत्सवांशी बांधलेले होते, आणि आखाड्यात तर देहदंडाची शिक्षाच करमणूक म्हणून दाखवली जाई. कित्येकदा दंडिताला पुराणकथेतील एखाद्या पात्राचा वेष चढवून त्या पात्राच्या मरणाने मारले जाई. इ. स. 203 मध्ये कार्थेजच्या आखाड्यात पर्पेच्युआ ही सुमारे बावीस वर्षांची, अंगावर पिते मूल असलेली तरुणी व तिचे सोबती यांना आणले गेले, तेव्हा पुरुषांना सॅटर्न देवाच्या पुजाऱ्यांचा आणि स्त्रियांना सेरीस या धान्यदेवतेच्या पुजारिणींचा वेष घालण्याची सक्ती झाली. पर्पेच्युआने तो वेष नाकारला. आपण स्वखुशीने येथवर आलो ते आपले स्वातंत्र्य राखण्यासाठीच, असे तिचे म्हणणे होते, आणि अधिकाऱ्याने ते मान्य करून सर्वांना त्यांच्या नेहमीच्या कपड्यांत आत जाऊ दिले. ती आत शिरली तेव्हा स्तोत्र गात होती, अशी तिच्या हौतात्म्याच्या वृत्तांतात नोंद आहे. वेष टाकून देणे आणि गाणे या दोन गोष्टी एकाच प्रसंगी, एकाच व्यक्तीने केल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे आद्य मंडळीचा विरोध गाण्याला नव्हता आणि कथेलाही नव्हता, तो दुसऱ्याच्या मरणाची मजा लुटणाऱ्या रंगभूमीला होता, हे स्पष्ट होते. गाणे तर त्या समाजाची ओळखच होती. बिथिनिया-पाँटस प्रांताचा अधिकारी प्लिनी याने इ. स. 112 च्या सुमारास सम्राट ट्राजनला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोकांविषयी जे थोडके सांगितले आहे त्यात, ते उजाडण्यापूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, हे आवर्जून आले आहे.

शंकाकार : स्तोत्र आणि संगीतिका यांची इतक्या सहज सांगड घालता येणार नाही. स्तोत्र म्हणणारा माणूस स्वतःच्या नावाने, स्वतःच्या श्रद्धेने गातो. त्यात कोणी पेत्र होत नाही आणि कोणी पौल होत नाही. शिवाय त्या काळचे गाणे कसे होते, याचा जो पुरावा हाती आहे तो आजच्या संगीतिकेला मुळीच अनुकूल नाही. इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस येथे सापडलेल्या आणि 1922 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पपायरसच्या तुकड्यावर तिसऱ्या शतकाच्या अखेरचे एक ग्रीक ख्रिस्ती स्तोत्र स्वरलिपीसह उतरवलेले आहे. धान्याच्या हिशेबाच्या कागदाची मागची कोरी बाजू कोणीतरी त्यासाठी वापरली. स्वरलिपीसह टिकलेले सर्वांत जुने ख्रिस्ती स्तोत्र ते हेच. त्याची चाल एकेरी आहे, म्हणजे तिच्याखाली सुरावटींचा आधार नाही, आणि त्यातील शब्द सृष्टीला निःशब्द होण्यास सांगतात. त्या जागी आज तयार ध्वनिमुद्रित साथ येते, ढोलांचा ठोका येतो, आणि शेवटच्या कडव्याला पट्टी एका स्वराने वर चढवून श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणण्याची हमखास युक्ती येते. फिलिप्पैच्या तुरुंगात पाय खोड्यात अडकलेल्या, पाठीवर फटक्यांचे वळ असलेल्या पौलाच्या तोंडी ही चाल घातली की तो तुरुंग तुरुंग राहत नाही.

पुरस्कर्ता : पट्टी चढवण्याच्या युक्तीचे समर्थन करण्याचे कारण नाही, ज्या संगीतकाराला दुसरे काही सुचत नाही तो ती वापरतो. पण काळाशी विसंगत संगीत हा आक्षेप जुना आहे आणि तो थोरामोठ्यांवर घेतला गेला आहे. फेलिक्स मेंडेलसोन याचा 'संत पौल' हा ऑरेटोरिओ 22 मे 1836 रोजी ड्युसेलडॉर्फ येथे प्रथम सादर झाला. ऑरेटोरिओ म्हणजे वेषभूषा व हालचाल टाळून केवळ गायन-वादनातून धार्मिक कथा सांगणारी मोठी रचना. पहिला ख्रिस्ती हुतात्मा मानल्या जाणाऱ्या स्तेफनच्या दगडमारापासून सुरू होणाऱ्या या रचनेत मेंडेलसोनने जर्मन लूथरपंथीय मंडळ्यांची घरोघर पाठ असलेली वृंदस्तोत्रे जागोजागी गुंफली, तेव्हा त्याचा मित्र व समीक्षक ए. बी. मार्क्स याने, पौलाच्या काळात ही स्तोत्रे कोठून आली, असा रोखठोक सवाल केला. कालगणनेच्या दृष्टीने मार्क्सचे बरोबर होते. तरीही ती स्तोत्रे तेथे आहेत ती पहिल्या शतकाचे चित्र रंगवण्यासाठी नाहीत. ऐकणारी मंडळी आणि कथेतील मंडळी यांच्यामध्ये ये-जा करता यावी म्हणून ती आहेत. त्याच रचनेत दिमिष्काच्या वाटेवर शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, ऐकू येणारी ख्रिस्ताची वाणी मेंडेलसोनने एका पुरुषगायकाला न देता स्त्रियांच्या वृंदाला दिली, आणि ही निवड आजच्या संगीतिकेलाही वाट दाखवणारी आहे. जे एकट्याने वठवता येत नाही ते अनेकांच्या आवाजात सोपवता येते, हे त्यातून उमगते.

शंकाकार : मेंडेलसोनची साक्ष मोलाची आहे, पण ती ऑरेटोरिओच्या बाजूने पडते, संगीतिकेच्या बाजूने नाही. एडवर्ड एल्गार यानेही बर्मिंगहॅमच्या महोत्सवासाठी 1903 मध्ये 'द अपॉसल्स' आणि 1906 मध्ये 'द किंगडम' या रचना केल्या, दुसरीत पन्नासाव्या दिवसाचा, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा प्रसंग घेतला, आणि नियोजित तिसरी रचना मात्र त्याच्या हातून कधीच पुरी झाली नाही. या साऱ्या रचनांत कोणी दाढी चिकटवून पेत्र झालेला नाही. त्यांच्या आणि आजच्या संगीतिकेच्या मध्ये ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कची व्यावसायिक रंगभूमी, उभा आहे. 1971 मध्ये न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आलेल्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' आणि 'गॉडस्पेल' यांच्या यशानंतर चर्चना आपल्याकडेही तसे काही असावे असे वाटू लागले, हा अनुकरणाचा इतिहास नाकारता येईल काय?

पुरस्कर्ता : पूर्ण नाकारता येणार नाही, पण तो इतिहास नीट वाचला तर उलटेच काही हाती लागते. व्यावसायिक रंगभूमीवरील त्या दोन्ही कृती क्रुसापाशी किंवा त्याच्या लगत थांबतात. 'सुपरस्टार'चा शेवट तर कबरेशी होतो. त्यापुढची कथा, म्हणजे बायबलातील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सारा ऐवज, व्यावसायिक निर्मात्यांनी बहुतांशी बाजूला ठेवला. त्याचे कारण धार्मिक नसून नाट्यशास्त्रीय आहे. त्या कथेला एक नायक नाही. पेत्र मध्येच मागे पडतो, स्तेफन येतो आणि लवकरच मारला जातो, फिलिप्प येतो-जातो, पौल अर्ध्या वाटेवर कथा ताब्यात घेतो आणि पुस्तक त्याचा शेवट न सांगताच संपते. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत टिकून राहते ती फक्त मंडळी. ज्या रंगभूमीला तारा लागतो तिच्या दृष्टीने हा दोष आहे; ज्या चर्चकडे एकही तारा नाही पण चाळीस माणसांचा गायकवृंद आहे त्याच्या दृष्टीने हीच सोय आहे. बर्मिंगहॅमचे संगीतकार रॉजर जोन्स यांनी 'सेंट्स अलाइव्ह!' ही पन्नासाव्या दिवसाच्या प्रसंगावरची संगीतिका अशाच हौशी वृंदांसाठी रचली, आणि त्यांच्या कामाची पद्धतही अशी की, निरनिराळ्या मंडळ्यांतील माणसे एकत्र यावीत, थोडक्या वेळात तालीम करावी आणि लगेच प्रयोग करावा. अमेरिकेत जिमी व कॅरल ओवेन्स या दांपत्याने 1978 मध्ये 'द विटनेस'मध्ये पेत्रालाच निवेदक करून आठवण सांगणाऱ्या माणसाच्या तोंडून कथा गाववली. बेंजामिन ब्रिटनचा 'सेंट निकोलस' हा 1948 चा कँटाटा, म्हणजे लहान आकाराची गायनरचना, चौथ्या शतकातील मायराच्या बिशपची कथा सांगतो. लॅन्सिंग कॉलेजच्या शताब्दीसाठी लिहिलेल्या त्या रचनेत हौशी वृंद आहेतच, शिवाय श्रोत्यांनी उभे राहून गायची दोन परिचित स्तोत्रेही आहेत. ही परंपरा ब्रॉडवेची नक्कल नाही. शाळा, गावचे चर्च आणि त्या परिसरातील गाणारी साधी माणसे यांच्यातून ती वर आली आहे.

शंकाकार : येथे आपण स्वतःच खऱ्या अडचणीपाशी येऊन पोहोचला आहात. मंडळी हीच नायिका, असे ठरले की संगीतिका वृंदगानावर उभी राहते, आणि वृंदगानाचा स्वभाव एकमताचा आहे. चाळीस माणसे एका सुरात गाऊ लागली की ऐकणाऱ्याला वाटते, हे सारे एका मनाचे होते. 'प्रेषितांची कृत्ये' मात्र तसे सांगत नाही. सर्व काही समाईक होते, या सुंदर वाक्यापाठोपाठ हनन्या व सप्पीरा या नवराबायकोने शेत विकून आलेल्या पैशातले काही मागे ठेवले आणि दोघेही पेत्रासमोर कोसळून मेली, ही भयंकर हकिकत येते. लगेच सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जाते अशी तक्रार उठते. पुढे पौल आणि बर्णबा, म्हणजे ज्याने पौलाला प्रथम विश्वासात घेतले तो माणूस, एका सोबत्यावरून कडाक्याचे भांडून वेगळ्या वाटांनी निघून जातात. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तर अंत्युखियात पौलाने पेत्राला सर्वांदेखत तोंडावर दोष दिल्याची कबुली आहे. परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, बांधवांबरोबर जेवणारा पेत्र यरुशलेमेहून माणसे आल्यावर पंगत सोडून बाजूला झाला, हे त्याचे कारण. पंगतीवरून मंडळी फुटू शकते, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. पण हे सारे संगीतिकेतून सहसा गळते, कारण समारोपाच्या वृंदगानात ते बसत नाही. उरतो तो आगीच्या जिभा, वाऱ्याचा आवाज, तीन हजारांचा बाप्तिस्मा आणि आनंद. हा आनंद खोटा नाही, पण किंमत चुकवल्याशिवाय मिळालेला दाखवला तर तो खोटा होतो.

पुरस्कर्ता : हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि बहुतेक संगीतिका त्याला पुऱ्या पडत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. तथापि वृंदगानाचा स्वभाव एकमताचाच असतो, हे गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे, कारण आद्य काळाच्या लगतच्या मंडळीनेच ते खोटे ठरवले आहे. सिरियाक ही अरमाइकचीच एक बोली; तिच्यात चौथ्या शतकातील कवी एफ्रेम याने मृत्यू आणि सैतान यांच्यातील वाद स्तोत्ररूपाने लिहिले, आणि पुढे त्या भाषेत 'सोगिथा' नावाचा प्रकार बहरला, ज्यात दोन पात्रे आलटूनपालटून एकेक कडवे म्हणत एकमेकांना अडवतात. ही पदे उपासनेत दोन वृंद समोरासमोर उभे राहून गात. मरीया देवदूताला सहजासहजी हो म्हणत नाही. ती प्रश्न विचारते, अडून राहते. एफ्रेमने स्त्रियांचे गायकवृंद तयार केले होते, अशी त्याच्या पंथातील परंपरा सांगते. म्हणजे गाण्यातून मतभेद चालवण्याची रीत ख्रिस्ती उपासनेच्या अगदी आतल्या घरातली आहे. अंत्युखियाची पंगत दोन वृंदांत वाटून द्यावी, दोघांना दोन सूर द्यावेत, आणि शेवटी ते जुळवू नयेत. पत्रही त्यांचा समेट झाला असे सांगत नाही. अशी संगीतिका कोणी लिहिली तर तिचा आधार पहिल्या पाच शतकांतच सापडेल.

शंकाकार : कोणी लिहिली तर! पण आणखी एक फूट अशी आहे की जी दोन वृंदांत वाटून देण्याने सुटत नाही, उलट चिघळते. स्तेफनच्या दगडमाराचे दृश्य घ्यावे. स्तेफन यहूदी, त्याला मारणारे यहूदी, वस्त्रे सांभाळीत उभा असलेला शौल यहूदी. तो एका समाजाच्या घरातला कलह होता. मात्र लंडनच्या किंवा टेक्सासच्या एखाद्या चर्चच्या मंचावर अर्धा वृंद ख्रिस्ती म्हणून आणि अर्धा वृंद यहूदी म्हणून उभा केला की तो कलह दोन धर्मांचा होतो, आणि युरोपात अशा दृश्यांनी शतकानुशतके काय पेरले ते सर्वांना ठाऊक आहे. 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुद्यांवर ठेवता येणार नाही, असे जाहीर केले, ते याच अनुभवाने. गाणे तर गद्यापेक्षा धोक्याचे, कारण जमावाच्या संतापाला ठेका मिळाला की तो गाणाऱ्याला चढतो. मेंडेलसोन स्वतः यहुदी घराण्यात जन्मलेला आणि सात वर्षांचा असताना बाप्तिस्मा दिला गेलेला. त्याच्या 'संत पौल'मधील दगडमाराच्या वृंदगानाविषयी अभ्यासक आजही वाद घालतात. मग ज्याला चार आठवड्यांत हौशी वृंद बसवायचा आहे, तो दिग्दर्शक हे ओझे कसे पेलणार?

पुरस्कर्ता : ओझे खरेच आहे. त्याचे एक उत्तर भूमिकावाटपातच सापडते: दगड मारणारे, स्तेफनला पुरणारे आणि पुढच्या दृश्यात विखुरणारे अशी तिन्ही कामे एकाच वृंदाने, वेष न बदलता करावीत. मग प्रेक्षकाला दोन धर्म दिसत नाहीत, तीच माणसे दिसतात. अशा वेळी वेष टाळणे ही काटकसर उरत नाही. पर्पेच्युआचा नकार येथे रंगतंत्र होतो.

शंकाकार : पर्पेच्युआचे नाव पुन्हा आले, तर हुतात्म्यांविषयी बोलावेच लागेल. डोनिझेत्ती याने 'पोलिउतो' हा ऑपेरा, म्हणजे सबंध गाऊन म्हणायचे नाटक, 1838 मध्ये नेपल्ससाठी लिहिला. आर्मेनियातील एका ख्रिस्ती हुतात्म्याची ती कथा. राजा दुसरा फर्डिनांड याने त्यावर बंदी घातली, कारण संतांचे हौतात्म्य रंगभूमीवर करमणुकीसाठी आणणे त्याला पटत नव्हते. पुढे 1840 मध्ये ती रचना वेगळ्या रूपात पॅरिसला गेली, आणि नेपल्समध्ये मूळ रूपात आली ती 1848 च्या नोव्हेंबरात, डोनिझेत्तीच्या मृत्यूनंतर. बंदी कोणाच्याही कृतीवर येऊ नये, हे निर्विवाद. पण राजाने चुकीच्या उपायाने हात घातला तो प्रश्न मात्र खरा होता: मरण सुरेल केले की ते हवेहवेसे वाटू लागते. पर्पेच्युआच्या स्वतःच्या टिपणांत सर्वांत असह्य भाग तिच्या मरणाचा नाही. तिचा वृद्ध बाप, जो ख्रिस्ती नाही, तो तुरुंगात येऊन तिचे हात धरतो, पाया पडतो, पांढऱ्या केसांची आण घालतो. आणि ती त्याच्यासाठी कळवळते, तरी मागे फिरत नाही. त्या बापाला गाणे कोण देणार? त्याला गाणे दिले आणि ते चांगले जमले, तर प्रेक्षक त्याच्या बाजूला जाईल. दिले नाही, तर कथा एकतर्फी होईल.

पुरस्कर्ता : द्यावे, आणि प्रेक्षक त्याच्या बाजूला गेला तर जाऊ द्यावा. तो बाप जिंकण्याच्या बेताला आला नाही तर पर्पेच्युआने काय सोडले तेच कळणार नाही. फिलिप्पैच्या कथेतही असेच एक माणूस गाण्याविना राहिले आहे. भविष्य सांगणाऱ्या एका दासीच्या कमाईवर तिचे मालक जगत; पौलाने तिच्यातील आत्मा काढला, कमाई बुडाली, मालकांनी पौल व त्याचा सोबती सीला यांना फटके मारवले. त्या दासीचे पुढे काय झाले, हे मूळ पुस्तकात एका शब्दाने आलेले नाही. पुरुषांच्या तुरुंगवासाची आणि सुटकेची कथा चालू राहते, ती मात्र बाजारात राहते, मालकांच्या लेखी आता निरुपयोगी. संगीतिकेने ही रिकामी जागा भरली तर ती मूळ कथेशी बेइमानी होणार नाही. मूळ कथेलाच तो प्रश्न विचारल्यासारखे होईल, आणि प्रवचनकाराला जे साधत नाही ते एका स्त्रीच्या आवाजाला साधेल.

शंकाकार : दासीला आवाज देण्याची कल्पना उत्तम, पण दुर्बळांची कथा सांगणारा स्वतः कोण आहे, यावर तिचा अर्थ ठरतो. महाराष्ट्र-गोव्याला याचे जवळचे उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापले गेले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांनी फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ यांनी प्रेषित पेत्राच्या चरित्रावर मराठी ओव्यांचा मोठा ग्रंथ रचला, जो गोव्यात 1629 पासून छापला गेला. आद्य मंडळीच्या कथेला मराठी छंदात आणण्याचा हा प्रयत्न आज चारशे वर्षांचा होत आला आहे. पण त्या ग्रंथात पेत्राची कथा हिंदू समजुतींचे खंडन करण्यासाठी जुंपली होती, आणि ज्या गोव्यात तो छापला गेला तेथे पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडलेली होती. ज्या पेत्राला साम्राज्याने मारले, त्याची कथा दुसऱ्या एका साम्राज्याच्या छत्राखाली सांगितली गेली. आजच्या सुस्थित, ध्वनिवर्धक-प्रकाशयोजना असलेल्या चर्चमध्ये छळ सोसणाऱ्या मंडळीची भूमिका वठवताना हाच विपर्यास सौम्य रूपात घडतो; सत्ता किंवा संपत्ती असलेला समाज दोन तासांपुरते आपल्याला पीडित मानून घेतो.

पुरस्कर्ता : हा विपर्यास ओळखण्याचे साधनही मराठी परंपरेतच आहे, आणि ते कीर्तन. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती कथेसाठी कीर्तनाचा अंगीकार केला तो केवळ लोकांना परिचित म्हणून नव्हे, असे मानण्यास जागा आहे. कीर्तनकार आख्यानात दोन ओळींपुरता राजा होतो, दोन ओळींपुरती आई होतो, आणि लगेच उपरणे सावरून निरूपणाला परततो. श्रोत्याला एक क्षणही असा भ्रम होत नाही की समोर प्रत्यक्ष पात्र उभे आहे. टर्टुलियनला जे असत्य खटकत होते ते येथे उरत नाही, कारण सांगणारा आपली ओळख लपवत नाही. आणि तो आपल्या काळाचा, आपल्या गावचा माणूस म्हणून बोलत असल्यामुळे, श्रोत्यांना सत्तेची आणि संपत्तीची आठवण करून देण्याचा अधिकारही त्याच्याकडे राहतो. आद्य मंडळीवरील संगीतिकेने ब्रॉडवेकडून वाद्यमेळ घ्यावा, पण निवेदनाची ही तऱ्हा घ्यावी. 'द विटनेस'मधील आठवणी सांगणारा पेत्र त्या वाटेवर अर्ध्यापर्यंत आलेला आहेच.

शंकाकार : मग श्रोत्याचे काय? कीर्तनाला बसलेला माणूस नामघोषात सामील होतो, कारण तो त्या श्रद्धेचाच असतो. चर्चमधील संगीतिकेला मात्र शेजारी, सहकारी, गाणाऱ्या मुलांचे पालक मुद्दाम बोलावलेले असतात, त्यांतील कित्येक श्रद्धेच्या बाहेरचे. आणि अखेरच्या गाण्याला निवेदक त्यांना उभे राहून आपल्याबरोबर गायला सांगतो. ज्याने केवळ ऐकण्याचे कबूल केले होते त्याला न विचारता मंडळीत उभे केले जाते. खुर्चीवर बसून राहावे तर उद्धटपणा वाटतो, उभे राहावे तर न मानलेले शब्द तोंडातून निघतात. पर्पेच्युआने जी सक्ती नाकारली तिचाच हा सभ्य प्रकार आहे. फिलिप्पैच्या तुरुंगाकडे पाहावे: मध्यरात्री पौल व सीला गात होते आणि इतर बंदिवान ऐकत होते, एवढेच पुस्तक सांगते. भूकंप झाला, दारे उघडली, तुरुंगाचा अधिकारी बदलला, पण त्या बंदिवानांनी विश्वास ठेवला असे कोठेही म्हटलेले नाही. त्यांना ऐकू दिले गेले, आणि तेथेच सोडले गेले.

पुरस्कर्ता : ते बंदिवान आहेत, हे खरे, पण त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात दुसरे श्रोतेही आहेत. पन्नासाव्या दिवशी काहींनी थट्टा केली, हे लोक दारू प्याले आहेत असे म्हटले, आणि पेत्राने सकाळचे नऊच वाजले आहेत असे सांगून बोलायला सुरुवात केली. बोलणे संपल्यावर ऐकणाऱ्यांनीच विचारले की, आता आम्ही काय करावे? प्रश्न त्यांच्याकडून आला, व्यासपीठावरून नाही. ज्या श्रोत्याच्या मनात तो प्रश्न उठला आहे त्याला संगीतिका गाण्यात जागाच देणार नसेल, तर ती पन्नासाव्या दिवसाची कथा सांगत नाही. त्या दिवशी झालेल्या भाषणाचे निव्वळ वृत्त देते. अडचण अशी की एकाच सभागृहात, एकाच रांगेत, शेजारी शेजारी दोन्ही प्रकारचे श्रोते बसलेले असतात, आणि गायकवृंदाला मंचावरून ते वेगळे दिसत नाहीत.

शंकाकार : तर मग अखेरचे गाणे वृंदाने गावे, उभे राहण्याची सूचना वगळावी, आणि कोणाला गायचे असेल तर त्याने आपणहून गावे.

पुरस्कर्ता : तसे केले तर ज्याला गायचे आहे पण एकट्याने उठण्याचे धैर्य नाही, तो बसून राहील, आणि आद्य मंडळीत असे लोक थोडे नसावेत, कारण निकदेम येशूला भेटायला उघडपणे न येता रात्री आला होता, हे शुभवर्तमानकार योहानाने विसरू दिलेले नाही.